क्यूबाच्या ताटातला राजमा

मोहालीच्या सेक्टर 67 मध्ये क्यूबाचं अस्सल जेवण कुठे मिळेल, असं कुणी विचारलं तर मी त्याला बेधडक राजमा-चावल खायला पाठवीन. चंदीगडला लागून असलेल्या या सेक्टरात नायपर ही औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे दूरदूरची मुलं शिकायला येतात, आणि पंजाबात राहायचं म्हटलं की राजमा चुकत नाही. पण ज्याला आपण पक्कं पंजाबी समजतो, त्या ताटातला मुख्य ऐवज अमेरिका खंडाचा आहे.

28 ऑक्टोबर 1492 रोजी कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्याला लागला. आठवडाभरातच, 4 नोव्हेंबरच्या नोंदीत, इथले घेवडे आपल्याकडच्याहून फार वेगळे आहेत, असं त्याच्या रोजनिशीत आलं. तिथले मूळ रहिवासी तैनो लोक मका आणि कसावा (ज्यापासून आपला साबुदाणा होतो) यांच्याबरोबर हा घेवडा पिकवत. त्याच्याही मागे गेलं तर मेक्सिको आणि अँडीज पर्वत अशी या पिकाची दोन माहेरं निघतात. क्यूबाचा बारीक काळा दाणा मेक्सिकोकडचा, तर मूत्रपिंडाच्या आकाराचा टपोरा लाल राजमा अँडीजच्या कुळातला. स्पेन-पोर्तुगालची जहाजं त्यांना घेऊन निघाली, आणि पुढे समुद्रमार्गानेच हे पीक आपल्याकडे पोचलं.

उलट्या दिशेनेही बरंच काही गेलं. तांदूळ आणि जिरं स्पॅनिश लोकांबरोबर क्यूबात उतरलं. म्हणून आज तिथल्या स्वयंपाकघरात लाल घेवड्याचा रस्सा, म्हणजे 'पोताहे', कसा होतो पाहा: दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी मऊ शिजवायचे, तेलात कांदा, लसूण, ढोबळी मिरची परतून त्यात जिरं टाकायचं, सोबत एक तमालपत्र, आणि सगळं दाण्यांत ओतून दाट होईतो उकळायचं. शेजारी पांढरा भात. आलं, गरम मसाला आणि मिरचीचा तिखटपणा घातला की पंजाब आलाच! 'काँग्री' मात्र निराळी. तिच्यात घेवड्याच्या पाण्यातच तांदूळ शिजतो आणि भात तांबूस होतो. ही पद्धत आपल्याकडे रुजायला हवी होती, असं मला फार वाटतं.

भिजवणं आणि खळखळून उकळणं दोन्हीकडे सारखं, आणि ते सक्तीचंच. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं; अर्धवट शिजलेले दाणे खाल्ले तर उलट्या होतात.

भारतात या दाण्याने डोंगराळ, थंड जागा धरली. जम्मूकडच्या भदरवाहच्या राजम्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या आधी, 2016 मध्येच, ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला मिळालं होतं. तोही राजमाच, फक्त फिकट अंगावर लाल पट्टे असलेला. खरिपात पेरायचा, अडीचेक महिन्यांत काढायचा आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी घ्यायची, असं हे सोयीचं पीक. कोरेगावात त्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं, आणि भाताची वाट न पाहता तो भाकरीबरोबर खातात.