बीज-सहसंबंध : मेंदूच्या क्रियात्मक प्रतिमांचे क्लिकसरशी निरीक्षण

बीज-सहसंबंध : मेंदूतली एखादी लहानशी जागा ‘बीज’ म्हणून निवडायची, तिथल्या संकेताचा वेळेनुसार होणारा चढउतार घ्यायचा आणि उरलेल्या मेंदूत तसाच चढउतार कुठे आढळतो ते नकाशावर रंगांनी दाखवायचे, अशी एफएमआरआय विदेच्या अभ्यासाची पद्धत. एफएमआरआय यंत्र चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तप्रवाह वाढतो, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते आणि त्याची चुंबकीय खूण यंत्र टिपते. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी ती प्राण्यांच्या मेंदूत दाखवली. 1995 मध्ये मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी हालचाल नियंत्रित करणाऱ्या डाव्या भागात बीज ठेवले. व्यक्ती स्वस्थ पडून होत्या, बोटही हलवत नव्हत्या. तरी उजवीकडचा तोच भाग त्याच तालात चढत-उतरत होता. सेकंदाला 0.1 आवर्तनाहूनही संथ असलेले हे चढउतार बहुतेक अभ्यासक तोवर गोंगाट समजून गाळून टाकत. विश्रांत मेंदूच्या अभ्यासाची सगळी शाखा या निरीक्षणातून उभी राहिली.

बीज एकच घेतले तर नकाशाही एकच मिळतो, आणि कोणती जागा घ्यायची हा अभ्यासकाचा निर्णय असतो. तीन मिलिमीटरच्या घनांत विभागलेल्या मेंदूत सुमारे 50 हजार घन येतात, म्हणजे जोड्या जवळजवळ 125 कोटी. इतके सगळे नकाशे आधी छापून चाळणे कोणालाच शक्य नाही. मात्र प्रत्येक घनाची कालमालिका आधीच प्रमाणित करून ठेवली, तर सहसंबंध काढणे म्हणजे नुसता गुणाकार आणि बेरीज. 200 मोजणींच्या स्कॅनसाठी एका बीजाला साधारण एक कोटी गुणाकार, जे साधा संगणकही क्षणात उरकतो. रॉबर्ट कॉक्स यांच्या ‘ॲफ्नी’ या मोफत प्रणालीतल्या ‘इन्स्टाकोर’ सोयीचे मर्म हेच. माऊसने बीज सरकवले की नकाशा बदलतो. ‘1000 फंक्शनल कनेक्टोम्स’ प्रकल्पाने 35 केंद्रांतल्या 1,400 हून अधिक व्यक्तींचे स्कॅन खुले केले असल्याने, घरच्या साध्या संगणकावरही हे करून पाहता येते. स्वतःचे स्कॅनर लागत नाही.

या सोयीचे मोल नवे शोध लावण्यापेक्षा विदेची परीक्षा घेण्यात अधिक आहे, असे मानायला सबळ आधार आहे. पोस्टीरिअर सिंग्युलेट या मेंदूच्या मागच्या मधल्या भागावर बीज ठेवले की कपाळामागचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंचे पार्श्वकपालखंड उजळायला हवेत. हे जाळे मायकेल ग्रायशस यांनी 2003 मध्ये याच पद्धतीने दाखवले. ते उमटत नसेल, तर पुढचे निष्कर्ष काढण्याआधी थांबलेले बरे. याउलट बीज श्वेतद्रव्यात ठेवल्यावर मेंदूच्या रचनेशी न जुळणारा मोठा डाग पसरला, तर यंत्राच्या संकेत टिपणाऱ्या कॉइलमध्ये बिघाड असल्याचा संशय येतो. जो, साद, कॉक्स आदींनी 2010 मध्ये असेच दोष सहसंबंधांच्या नकाशांतून ओळखून ते काढण्याची रीत मांडली. सरासरीच्या तक्त्यात हे दोष सहज दडून राहतात, नकाशावर मात्र आकारामुळे उठून दिसतात.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप गंभीर आहे : बीज फिरवत राहिले की मनासारखा नकाशा कुठेतरी सापडतोच. 50 हजार ठिकाणी हजारात एक ही मर्यादा लावली, तर निव्वळ योगायोगानेही 50 ठिकाणे रंगू शकतात. शिवाय मालिका वाटते तितकी लांब नसते. दर दोन सेकंदांनी घेतलेल्या सहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये 180 मोजण्या असतात, पण सेकंदाला 0.01 ते 0.1 आवर्तनांचा पट्टा तेवढा राखला की स्वतंत्र माहिती सुमारे 65 मोजण्यांइतकीच उरते. त्यात डोके हलल्याने जवळच्या घनांतले सहसंबंध फुगतात आणि दूरचे घटतात, हे 2012 मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. मुले जास्त हलतात, त्यामुळे वयानुसार मेंदू जोडला जातो या निष्कर्षाचा काही भाग हालचालीचाच असू शकतो. हा आक्षेप मान्य केला तरी पद्धत बाद होत नाही; फक्त तिची जागा ठरते. क्लिक करून दिसलेला नकाशा पुरावा म्हणून मांडला, तर ज्या विदेवरून गृहीतक सुचले तिच्यावरच ते तपासण्याचा दोष घडतो. म्हणून काही व्यक्तींची विदा न पाहता बाजूला ठेवावी, बीजाची जागा व त्रिज्या आधी लिहून ठेवावी आणि कसोटी त्या राखीव विदेवर घ्यावी.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा. दोन भाग एकत्र चढले-उतरले म्हणून एक दुसऱ्याला चालवतो असे ठरत नाही. श्वासोच्छ्वासाने रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलले तरी दोन्हीकडे एकाच वेळी चढउतार होतो. हा समान भाग काढण्यासाठी संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत वजा केला, तर काही सहसंबंध गणिताच्या सक्तीनेच ऋण होतात. केविन मर्फी व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे सिद्ध केले. ‘एकमेकांविरुद्ध काम करणारी जाळी’ असे वर्णन वाचताना ती वजाबाकी केली होती की नाही, हे आधी पाहावे लागते.