मनाईहुकमातील लग्नघर

वकिली करणाऱ्या माणसास एक गोष्ट लवकर उमगते. जे कोणी करीतच नाही, त्याला मनाई करण्याच्या भरीस कायदा पडत नाही. तळ्याच्या काठी ‘येथे म्हशी धुऊ नयेत’ असा फलक दिसला की तेथे म्हशी धुतल्या जातात, एवढे निःशंक समजावे. म्हणून एखादा जुना मनाईहुकूम हाती आला म्हणजे मी तो दोनदा वाचतो; एकदा राज्यकर्त्याची इच्छा म्हणून, आणि दुसऱ्यांदा रयतेच्या वागणुकीची साक्ष म्हणून. साक्षीदार विरुद्ध पक्षाचा असला, की त्याच्या तोंडून निघालेल्या कबुलीचे मोल अधिकच असते.

असा एक हुकूम गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी काढला. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथामुळे तो अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा झाला. आपल्या देवळांच्या सभामंडपात इन्क्विझिशनचा विषय निघतो, तो बहुधा हिंदूंवरील जुलमाची कथा म्हणून. ती कथा खोटी नाही. तथापि ह्या हुकमात आरोपीच्या पिंजऱ्यात मुख्यतः कोणाला उभे केले आहे, हे आपण क्वचितच पाहतो. इन्क्विझिशनचा अधिकार प्रथम बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. म्हणजे हा हुकूम प्रामुख्याने ख्रिस्ती घराच्या उंबरठ्यावर जाऊन थडकतो. आणि त्या घरातही लग्नघर, बाळंतिणीची खोली आणि सुतकाचे घर ह्यांच्या दारावर तो विशेष जोराने थाप मारतो.

त्यात काय काय निषिद्ध ठरविले होते? लग्नात हिंदू वाजंत्री बोलावू नयेत. ओव्या गाऊ नयेत. वधूकडून वराकडे व वराकडून वधूकडे विडा-सुपारी व फुले पाठवू नयेत. वधूवरांच्या अंगास हळद, तेल, दूध, तांदळाचे पीठ लावू नये. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागरण करू नये. मृताच्या नावाने जेवण घालू नये. एकादशीचा उपास धरू नये. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये व स्त्रियांनी चोळी घालू नये. दारची तुळस उपटून टाकावी.

ही यादी वाचताना मनात प्रथम संताप येतो. दुसऱ्या वाचनात मात्र एक हिशेब सुचतो. इन्क्विझिशनची स्थापना गोव्यात १५६० साली झाली. १५६७ साली भरलेल्या पहिल्या धर्मप्रांतीय परिषदेने हिंदू आचारांविरुद्ध ठरावांची रासच घातली होती. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, म्हणजे सुमारे सहा-सात पिढ्या उलटल्यावर, त्याच दरबाराला ख्रिस्ती स्वयंपाकघरातल्या भाताच्या मिठाची चौकशी करावी लागत होती! हुकूम जिंकत असता, तर पुन्हा काढण्याची वेळ आली नसती.

हे कसे घडले, हे समजण्यासाठी गावाच्या मूळ रचनेकडे जावयास हवे. आपल्या प्रदेशात गाव म्हणजे गांवकारी. गांवकारांचे वांगड, त्यांची सामाईक शेते, बांध, मानस आणि देवस्थान ही सर्व एकाच हिशेबाच्या वहीत असत. पोर्तुगीज सत्तेने ही व्यवस्था मोडली नाही. अफोन्सो मेशिया ह्याने १५२६ साली तयार केलेल्या फोरालात तिची वहिवाट लेखी नोंदून घेतली, कारण कर वसूल करण्यास तीच सोयीची होती. पुढे तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. देव बदलला, जमीन तीच राहिली. जे गांवकार कुलदैवतासह अंत्रुजच्या डोंगराआड गेले, त्यांनी मंगेशीस, मार्दोळास, कवळ्यास नवी देवळे उभारली. जे राहिले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तीच शेते कसून त्याच वांगडाच्या नात्याने चर्चच्या उत्सवाचा भार उचलला. एकाच वहीची ही दोन पाने होत.

भाषेच्या बाबतीतही तेच. चर्चमध्ये वेदीपाशी लॅटिन, कचेरीत पोर्तुगीज, चुलीपाशी कोंकणी, अशी त्या घरांची स्थिती होती. आणि ह्यांत एक चौथी भाषा होती, जिचे स्मरण मराठी वाचकाने अवश्य ठेवावे. मूळचा इंग्रज असलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला. त्याने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलास छापले गेले. ते मराठीत आहे, ओवीछंदात आहे, आणि त्याच्या ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या जवळपास जाते. ज्यांच्या कानांत पुराणश्रवणाची गोडी शेकडो वर्षे मुरली होती, त्या नव्या ख्रिस्ती श्रोत्यांना रुचेल असा ग्रंथ दुसऱ्या कोणत्या रूपात लिहावयाचा? त्याच स्टीफन्सने कोंकणीचे व्याकरणही रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापून निघाले. म्हणजे एका हाताने धर्मप्रचारक ओवी लिहून देत होता, आणि शतकभराने दुसरा हात लग्नघरातील ओवी बंद करू पाहत होता. मध्यंतरी १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असेही फर्मान काढून पाहिले. त्याचे काय झाले, हे कोणत्याही ख्रिस्ती घरच्या आजीपाशी पाच मिनिटे बसल्यास कळते.

काही वर्षांपूर्वी साष्टीतील एका परिचित कुटुंबाने मला लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोसा’स बोलाविले. अंगणात माटव घातला होता. न्हाणीपाशी मुलगी पाटावर बसली. आईवडिलांनी प्रथम, मग आप्तांनी क्रमाक्रमाने तिच्या अंगास नारळाचा रस व तेल चोळले. भोवतीच्या बायका वेर्स म्हणत होत्या; त्यांत येजूचे व सायबिणीचे नाव होते, पण चाल ऐकताच मला माझ्या आत्याच्या लग्नातील हळद आठवली. आदल्या दिवसांत मुलीला तिच्या मामाच्या घरी चुडा भरला होता; तो पतीच्या निधनापर्यंत हाती राहावयाचा. त्याच सप्ताहात ‘भिकाऱ्यांचें जेवण’ झाले होते. घरातून गेलेल्या माणसांचे स्मरण करून गोरगरिबांस पंगतीस बसवावयाचे, त्यांनी तृप्त होऊन आशीर्वाद द्यावयाचा, आणि मगच मंगलकार्याला हात घालावयाचा. लग्नापूर्वी नांदीश्राद्ध करणाऱ्या आपल्या वाचकांस ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नानंतर गावच्या शिवेवर माडाची फेणी ओतून रेघ ओढतात. तिला शीमच म्हणतात. ज्या गांवकारीचे अर्धे आयुष्य शिवांच्या तंट्यांत गेले, तिने आपली शीम लग्नातही आणली, ह्यात आश्चर्य ते काय!

मी तेथे बसून मनातल्या मनात १७३६ ची यादी ताडून पाहत होतो. अंगास लावावयाचे तेल: आहे. गाणे: आहे. मृतांच्या नावाचे जेवण: आहे. हळद मात्र दिसली नाही. तुळशीच्या जागी अंगणात खुरीस उभा होता, आणि त्याच्या पायथ्याशी संध्याकाळची मेणबत्ती लावलेली होती. घरातील वृद्ध स्त्रीला मी सहज विचारले, “मांय, हे सगळे चर्चमध्ये सांगितलेले आहे का?” ती हसली. “ना रे बाब,” ती म्हणाली, “इगर्जेंतलें इगर्जेंत. हें घरचें.”

‘हें घरचें’ ह्या दोन शब्दांत सारा इतिहास आला. तथापि घरचे आणि चर्चचे ह्यांत नेहमी भांडणच झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. पुष्कळ ठिकाणी चर्चने घरच्याला आपल्या मांडवात जागा दिली. साष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. तेथील चर्च हिमाच्या मातेचे, म्हणजे पोर्तुगीज भाषेत ‘नेव्हिश’चे. शेतातील नवी कणसे समारंभाने कापतात, पाद्री त्यांस आशीर्वाद देतो, आणि ती घरोघर नेली जातात. गोव्यात बर्फ कोणी पाहिले? परंतु ‘नेव्हिश’ आणि ‘नवें’ हे शब्द कानाला किती जवळचे! आपण चतुर्थीच्या सुमारास नवे करतो. ते श्रावणसरींत करतात. भात पिकविणारा हात एकच, म्हणून पहिली ओंबी कोणाच्या पायी वाहावयाची हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडला.

२४ जूनचा सांजांव घ्या. योहानाचा जन्मदिवस, मातेच्या उदरात त्याने आनंदाने उडी मारली, असे शुभवर्तमान सांगते. गोव्याच्या पावसाने त्या उडीस विहीर दिली. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण तुडुंब विहिरींत उड्या घेतात, आणि नव्या जावयाला सासरी बोलावून त्याचा मान करतात. वर्षअखेरच्या सुमारास सायबिणीची मूर्ती वाड्यावर घरोघर फिरते. एका घरी एक रात्र वस्ती, मग प्रार्थना गात दुसऱ्या घरी. वाटेवरच्या खुरसापाशी लदाईन होते आणि उकडलेले चणे वाटतात. पालखी आणि प्रसाद हे शब्द तेथे कोणी उच्चारीत नाही. आपल्या मनात मात्र ते आल्यावाचून राहत नाहीत.

आणि दोन स्थळे तर अशी आहेत की तेथे दोन्ही समाज एकाच दारी उभे राहतात. म्हापशाच्या सां जेरोम चर्चमधील मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला, ईस्टरनंतरच्या दिवसांत, हिंदू स्त्रीपुरुष तेल घेऊन रांगेत असतात. लोककथा सांगते की शिरगावची लईराई आणि ही सायबीण बहिणी-बहिणी. सात बहिणींपैकी मिराबाई ती मिलाग्र झाली. दुसरे स्थळ कुंकळ्ळी. १५ जुलै १५८३ रोजी तेथील गांवकारांनी पाच जेझुइटांना व त्यांच्याबरोबरच्या काही जणांना ठार केले. पुढे बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गांवकार पुढाऱ्यांचा वध करण्यात आला. देवी फातर्प्यास गेली. आज फाल्गुनात ती छत्र्यांच्या उत्सवात आपल्या मूळ गावी परत येते, तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती घराणीही त्या उत्सवाचा मान राखतात. इतके रक्त सांडलेल्या गावात हे टिकावे, ह्याहून अधिक बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आता निकालाकडे वळतो. ह्या पुराव्यावरून आपल्यांतील काही जण म्हणतात, ‘पाहा, ते मुळात आपलेच; वरचा रंग खरवडला की झाले.’ दुसरे काही म्हणतात, ‘ही आपल्या चालीरीतींची नक्कल आहे.’ माझ्या मते दोन्ही दावे फेटाळण्यास योग्य आहेत. पहिल्या दाव्यात त्या कुटुंबाची चार शतकांची श्रद्धा जमेसच धरलेली नाही. रोसाच्या अंगणात सायबिणीचे नाव घेणारी ती वृद्धा नाटक करीत नव्हती. तिची भक्ती आपल्या आजीच्या भक्तीइतकीच खरी होती. दुसऱ्या दाव्यास तर कागदच आडवा येतो. नक्कल करणाऱ्यास शिक्षेचे भय दाखविले की तो नक्कल टाकून देतो. येथे १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद पडले, त्याच्या खटल्यांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली, आणि रोस मात्र राहिला.

कायद्यात वहिवाट नावाची एक जुनी, समंजस कल्पना आहे. जो दीर्घकाळ, उघडपणे, विरोध सोसूनही एखादी वाट चालत राहतो, त्याचा त्या वाटेवर हक्क उत्पन्न होतो. ह्या न्यायाने रोस, चुडा आणि शीम ह्यांवर त्या घरांचा हक्क आपल्याइतकाच पक्का आहे. किंबहुना आपण त्या चाली देवळाच्या छायेत चालविल्या, आणि त्यांनी त्या दंडाच्या भयाखाली चालविल्या.

म्हणून इन्क्विझिशनची आठवण काढताना ती शेजाऱ्याच्या अंगावर फेकण्याचा मोह आपण टाळावा. त्या हुकमाखाली जिच्या लग्नातील ओवी गुन्हा ठरली, ती बाई त्याचीच पणजी-खापरपणजी होती. नाताळात त्यांच्या घरून नेवऱ्या आणि दोदोल येते, चतुर्थीला आपल्या घरून नेवऱ्या जातात. ती ताटे झाकून नेणाऱ्या मुलांना १७३६ साल ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्याने आपली जबाबदारी वाढते.