घर विकण्याआधी डागडुजी करताय? मिस्त्री लावताना हे बघून घ्या

मुलं पुण्याला स्थायिक झाली, मुलीचं लग्न ठरलं किंवा भावाभावांत वाटणी झाली, की गावातलं घर विकायला निघतं. मग कुणीतरी सांगतं, जरा रंगरंगोटी करून घ्या, भाव चांगला येईल. लगेच मिस्त्री येतो, उचल दिली जाते आणि काम सुरू होतं. पण विकायच्या घरावर घातलेला प्रत्येक रुपया परत येतोच असं नाही. खेड्यात घेणारा माणूस जागा, रस्ता, पाणी आणि कागद बघतो. भिंतीचा रंग त्याला त्याच्याच आवडीचा द्यायचा असतो.

म्हणून मिस्त्रीच्या आधी कागद बघा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या. त्यावर वडिलांचं नाव असेल, बहिणींची नावं लागायची असतील, तर ते काम आधी. वारसनोंद अडकली आणि डागडुजी झाली, तर मधे एक पावसाळा जातो आणि केलेला रंग पुन्हा उतरतो.

आता डागडुजी कशाची करायची? गळती, ओल, तडा, धोकादायक वायरिंग, मोडलेलं दार, तुंबलेली मोरी, एवढंच. नवी टाइल्स, पीओपी, कमानी यांत पैसा घालू नका. जादा खोली काढायची असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते, आणि विनापरवाना बांधकाम सौद्याच्या वेळी अडचणीचंच ठरतं.

गळतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. स्लॅबचं घर असेल तर खालून पुट्टी आणि रंग मारून डाग झाकता येतो. मिस्त्रीही तेच सुचवतो, स्वस्तात होतं. पण पाणी वरून येतं. स्लॅबवरचा उतार, कोबा, पन्हाळीचं तोंड, पॅरापेटच्या बुडाची फट हे बघितल्याशिवाय खालचा रंग म्हणजे पैसे पाण्यात. ओल्या भिंतीवर मारलेल्या पुट्टीचे पोपडे पहिल्याच पावसात निघतात. दुरुस्ती झाल्यावर स्लॅबच्या कडेने मातीचं आळं करून दोन दिवस पाणी साठवा आणि खालून बघा. हे मिस्त्रीला कामाच्या आधीच सांगून ठेवायचं.

दुसरी गोष्ट कायद्याची. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 55 प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तडा बुजवून वर रंग दिला आणि नंतर भिंत सरकली, तर घेणारा कोर्टात जाऊ शकतो. शिवाय घेणारा बहुतेक वेळा शेजारच्या गावचाच असतो, रोज बाजारात भेटणार. दोष सांगून दहा-वीस हजार कमी घेतलेले बरे.

जुन्या माळवदाच्या घरांचं वेगळं आहे. आपल्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते सांगायला नको. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन, त्यानंच जास्त माणसं दबली. तरीही अशी घरं अजून उभी आहेत आणि विकलीही जातात. अशा घरात मिस्त्री म्हणाला की मधली भिंत काढून हॉल मोठा करू, एक खांब हलवू, तर सरळ नाही म्हणा. कुठल्या तुळईचा भार कशावर आहे हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावाही करू नका. तो मातीला नीट धरत नाही, आतली ओल कोंडते आणि काही दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटून येतो. माती-भुश्शाचा गिलावा किंवा चुना हेच त्याला सोसतं. माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून दाबून घेतली तरी घेणाऱ्याला घर राखलेलं दिसतं.

मिस्त्री निवडताना त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं काम बघायला जा. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. त्या घरच्या बाईला विचारा, पावसात काय होतं. मालक लाजेने सांगत नाही, ती सांगते.

काम रोजानं द्यायचं की गुत्त्यानं? चार दिवसांचं किरकोळ काम असेल तर रोजानं, तेही घरचं माणूस समोर बसणार असेल तर. गिलावा, कोबा, रंग हे गुत्त्यानं परवडतं, पण मोजमाप आधी ठरवा. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट असेल, तर चार भिंतींचा गिलावा 440 चौरस फूट, म्हणजे 4.4 ब्रास भरतो. दार-खिडकीची जागा वजा धरायची का नाही, यावरून शेवटी भांडण होतंच. तसंच साहित्य कुणाचं, पाणी कुणाचं, परात-फळ्या कुणाच्या, बिगारीची मजुरी धरून दर का सोडून, हे सगळं वहीच्या एका पानावर लिहा. आतल्या गिलाव्याला 1 ला 6, बाहेरच्याला 1 ला 4 हे सिमेंट-वाळूचं प्रमाण साधारण चालतं, तेही लिहा. खाली दोघांच्या सह्या करून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. मिस्त्री ओळखीचा आहे, त्याला राग येईल, असं वाटतं. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही, उलट त्याचेही पैसे बुडत नाहीत.

उचलीवर आवर ठेवा. समजा मजुरी 40,000 ठरली. सुरुवातीला 5,000 द्या, पुढे दर बाजारी झालेल्या कामाप्रमाणे द्या, आणि शेवटचे 6,000 पाण्याची चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. अर्धी रक्कम आधी गेली की मिस्त्री दुसऱ्या गावात काम धरतो आणि तुमच्या घरी फक्त फळ्या राहतात. जमेल तितके पैसे फोनवरून पाठवा, नोंद राहते. काम अर्धवट सोडलं तर लेखी नोटीस द्या. गुत्त्याने घेतलेल्या बांधकामाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, पण त्याला हीच वही आणि हीच नोंद लागते.

वेळ मात्र धरून चला. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंग देण्याआधी महिनाभर वाळू द्यावा लागतो. मे महिन्यात टँकरवर गाव असताना गिलावा काढला तर पाणी कुठून आणणार? आणि पहिला पाऊस पडला की बिगारी पेरणीला जातात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर काढलेलं काम सगळ्यांना सोयीचं.

वायरिंग गवंड्याच्या ओळखीच्या पोराकडून करून घेऊ नका. परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग तपासा, मेन स्विचजवळ 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवा. ओल्या भिंतीत करंट उतरतो, आणि ज्याला घर विकणार त्याची लेकरं तिथं राहणार असतात.

सिमेंट, वायर, पत्रे यांची पक्की बिलं जपून ठेवा. घराच्या विक्रीत नफा झाला आणि आयकराचा प्रश्न आला, तर घरात केलेल्या कायमच्या सुधारणेचा खर्च हिशोबात धरता येतो. नुसत्या रंगाचा सहसा धरत नाहीत. इसार घेताना 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका, आयकर कायद्याने ते चालत नाही. चेक किंवा बँकेतून घ्या.

राहिला राडारोडा. तो उचलणं मिस्त्रीकडे का तुमच्याकडे, हेही त्याच पानावर लिहा. नाहीतर मिस्त्री गेल्यावर ढीग दारात पडून राहतो आणि घर बघायला येणारा त्याला ठेचकाळतच आत येतो.