पाय सतत दुखतात? कारणे कोणती, उपाय काय आणि हैदराबाद गाठायचे केव्हा

हैदराबाद (प्रतिनिधी) : देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या भागातून उपचारासाठी हैदराबादला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. देवगिरी एक्स्प्रेस असो की देगलूर-संगारेड्डी रस्त्यावरची बस, हातात एक्स-रेची पिशवी घेतलेला प्रवासी दिसतोच. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच, "पाय दुखतात, काही केल्या राहत नाहीत."

पायदुखी हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. दुखणे हाडाचे आहे की सांध्याचे, नसेचे की रक्तवाहिनीचे, हे कळल्याशिवाय गोळ्या खाण्यात अर्थ नाही. दुखण्याची तऱ्हा नीट पाहिली तर अर्धे निदान घरीच होते. दुखते कुठे, कधी वाढते आणि कशाने थांबते, या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तयार ठेवावीत.

कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ

कंबर किंवा कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत कळ जाते. खोकले, शिंकले की जास्त लागते. यालाच लोक "नस दबली" म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात. मणक्यातली गादी सरकून नसेवर दाब आला की असे होते. यात घाबरण्यासारखे कमी असते. बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. पूर्ण अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे चालत-फिरत राहणे चांगले.

एमआरआय काढण्याची घाई करू नये. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते. फोटोत दिसले म्हणजे दुखण्याचे कारण तेच, असे नसते.

वय साठीच्या पुढे, थोडे चालले की दोन्ही पाय जड पडतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, असे असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची शक्यता असते.

चालले की पोटरी धरते, थांबले की सुटते

ही तक्रार हलक्यात घेऊ नये. ठराविक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटे उभे राहिले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. पायाला रक्त कमी पोचत असल्याची ही खूण आहे. विडी, सिगारेट, तंबाखू, साखर आणि बीपी ही त्याची मुख्य कारणे. तरुण वयातल्या विडी ओढणाऱ्या पुरुषांत बर्जर नावाचा आजार होतो, त्यात बोटांच्या टोकांना जखमा होऊन ती काळी पडू लागतात. तंबाखू पूर्ण सोडली तर पाय वाचण्याची शक्यता मोठी असते. औषध सुरू आणि विडीही सुरू, असे चालले तर शेवटी पाय कापण्याची वेळ येते.

तपासणी सोपी आहे. पावलावरची नाडी हाताने पाहतात, नंतर घोट्यावरचे बीपी आणि दंडावरचे बीपी यांची तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्याच्या 0.9 पटीपेक्षा कमी असेल तर रक्तवाहिनीत अडथळा असल्याचे समजतात. त्यासाठी रक्तवाहिन्यांच्या म्हणजे व्हॅस्क्युलर विभागात जावे लागते. हाडाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारण्यात वेळ जातो, तो घालवू नये.

तळव्यांची आग, मुंग्या, बधिरपणा

रात्री तळवे जळतात, चादर लागली तरी सहन होत नाही, चप्पल पायातून निसटल्याचे कळत नाही. शुगरच्या रुग्णांत हे सर्रास दिसते. साखर वाढून नसा खराब झाल्याची ही लक्षणे आहेत. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए1सी तपासणी करून घ्यावी. शुगर नसेल तर बी12 तपासावे. शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी12 कमी पडते. दारूचे व्यसनही नसा खराब करते.

पोषण आणि पाय यांचे नाते जुने आहे. हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात 1918 मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या अभ्यासासाठी झाली. बेरीबेरी म्हणजे बी1 जीवनसत्त्वाअभावी पायातली ताकद जाणे, सूज येणे, मुंग्या येणे. ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली. पुढे तिचे संचालक झालेले डॉ. सी. गोपालन यांनी 1940 च्या दशकात "तळव्यांची आग" याच तक्रारीवर काम केले होते.

पाण्यातला फ्लोराइड

सीमाभागाने विशेष लक्ष द्यावे असे हे कारण आहे. हैदराबादजवळचा नलगोंडा जिल्हा फ्लोराइडमुळे देशभर ओळखला गेला. बोअरच्या पाण्यातला जास्तीचा फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेला की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, मग सांधे आखडतात, कंबर वाकत नाही, मांडी घालून बसता येत नाही. पोषण संस्थेच्या संशोधकांनी 1973 मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातील मुलांचे गुडघे आत वळत असल्याचे जगासमोर मांडले.

महाराष्ट्रातही नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड आढळला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची "नलगोंडा पद्धत" शोधली. घरातल्या तीन-चार जणांचे सांधे आखडलेले असतील, मुलांच्या दातांवर डाग असतील, तर आधी पाणी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो.

गुडघे, शिरा आणि इतर कारणे

पायऱ्या उतरताना, उकिडवे बसून उठताना गुडघा दुखत असेल तर ती बहुधा झीज असते. वजन एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

पोटरीवर निळ्या शिरा फुगून दिसतात, संध्याकाळी पाय जड होतात, वर करून झोपले की हलके वाटते, त्या व्हेरिकोज व्हेन्स. शिक्षक, हॉटेलातले आचारी, सिक्युरिटी गार्ड, ट्रॅफिक पोलीस अशा तासन् तास उभे राहणाऱ्यांना हा त्रास जास्त. दाबमोजे आणि मधूनमधून पाय हलवणे याने फरक पडतो.

अंगभर हाडे ठणकतात, पायऱ्या चढताना मांड्यांत जोर लागत नाही, तेव्हा ड जीवनसत्त्व तपासावे. थायरॉइड, रक्त कमी असणे, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांनीही पाय दुखतात. अशी गोळी चालू असेल तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात पायाला वारंवार सूज आणि सोबत ताप येत असेल तर हत्तीरोगाची तपासणी टाळू नये.

घरी काय करता येईल

- खुर्चीत बसून पाय सरळ करावा, दहापर्यंत मोजून खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा.
- भिंतीला हात टेकून टाचा उचलणे आणि पोटरी ताणणे. रात्री गोळे येणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी हे करावे.
- रोज अर्धा तास चालणे, पण मऊ तळाची चप्पल किंवा बूट घालून.
- शेक घ्यायचा असेल तर पाणी आधी कोपराने तपासावे. बधिर पायाच्या शुगर रुग्णांनी गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.
- एकच पाय अचानक सुजला असेल तर तेल लावून चोळू नये.

मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे धोक्याचे आहे. पोटात अल्सर होतो, किडनी खराब होते. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत पाय "एकदम मोकळा" झाला तर त्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची गोळी आठवड्याची असते, ती रोज किंवा सांगितलेल्या मुदतीपलीकडे घेऊ नये.

ही लक्षणे असतील तर थांबू नका

1. पाय अचानक गार, पांढरा-निळसर पडला आणि असह्य दुखतो. रक्तपुरवठा बंद पडल्याची ही खूण आहे. सुमारे सहा तासांत उपचार झाले नाहीत तर पाय गमावण्याची भीती असते.
2. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर एकच पोटरी सुजून गरम झाली. शिरेत गुठळी असू शकते. सोबत दम लागला तर ती गुठळी फुप्फुसात गेल्याचा धोका असतो.
3. कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागेची संवेदना जाणे.
4. पाऊल उचलत नाही, चालताना फरफटते.
5. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. लहान मूल लंगडत असेल तरी हाच नियम.

अशा वेळी सहा-सात तासांचा प्रवास करून हैदराबाद गाठण्याआधी जवळचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेड, लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे.

हैदराबादला जायचेच असेल तर

पंजागुट्टा येथील निम्स हे 1960 च्या दशकात हाडांचे रुग्णालय म्हणून सुरू झाले, आज तिथे हाडे, मेंदू-मज्जासंस्था, रक्तवाहिन्या असे विभाग आहेत. उस्मानिया आणि सिकंदराबादचे गांधी रुग्णालय ही सरकारी मोठी रुग्णालये. बधिरपणा, आग असेल तर न्यूरॉलॉजी, चालताना पोटरी धरत असेल तर व्हॅस्क्युलर, गुडघ्यासाठी ऑर्थो, हे आधी ठरवले की एक फेरी वाचते.

तेलंगणाची आरोग्यश्री योजना त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्रातील रुग्णांनी आयुष्मान कार्ड सोबत ठेवावे आणि ते त्या रुग्णालयात, त्या उपचारासाठी चालते का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावे. जुने रिपोर्ट, चालू औषधांची पाने आणि दुखण्याची तारीखवार टिपणे सोबत न्यावीत. तेलुगू येत नसले तरी अडत नाही, हैदराबादेत हिंदीत बोलून काम भागते.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)