बैल जुंपलेली फोर्ड आणि फियाटचे हेड

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्धा ते सेवाग्राम या वाटेवर एक चमत्कारिक वाहन दिसे. मोटार फोर्ड, मालक जमनालाल बजाज, आणि पुढे जुंपलेली बैलजोडी. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून या गाडीला थट्टेने 'ऑक्सफर्ड' असे नाव पडले होते. आश्रमातल्या माणसांच्या आठवणींमध्ये तिचा उल्लेख येतो. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसतात. हसून झाले की त्यांना एक प्रश्न विचारावा, निदान आम्ही तरी विचारतो : इंजिनाच्या जागी बैल आले, तर गाडीने नेमके किती गमावले?

गणित सोपे आहे. बैलाचे वजन ४०० किलो धरू. दिवसभर काम करायचे असेल तर बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा जोर लावतो. दोघांचा मिळून ८० किलोचा ओढा, म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन. चाल ताशी ३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर. गुणाकार केला की ६५० वॉट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा आपली जोडी पाऊण ते एक अश्वशक्तीची झाली. त्या काळात जगभर धावलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचे इंजिन २.९ लिटरचे होते आणि त्याची शक्ती २० अश्वशक्ती होती.

या गुणाकारातला दुसरा आकडा, वेगाचा, विसरू नये. आपल्या जिल्ह्यातली गवळाऊ जात अंगाने हलकी, पण चालीला तेज. मराठ्यांच्या फौजेची वाहतूक याच बैलांनी केली असे सांगतात. जोर थोडा कमी पण पाय जलद, आणि शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. छोट्या इंजिनातून मोठी शक्ती काढण्याची सगळी विद्या या एका वाक्यात बसते. बैल कळला की मोटार कळायला वेळ लागत नाही.

आम्हाला ही विद्या शिकायची बुद्धी झाली ती आमच्यातल्या एकाच्या जुन्या पद्मिनीमुळे. पद्मिनी म्हणजे मुळातली इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ही गाडी तयार होऊ लागली, १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास ती बनणे थांबले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. इंजिनाचा मूळ आराखडा जवळजवळ शेवटपर्यंत तोच राहिला : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याचा प्रवास ७५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी वृत्तचितीचे सूत्र लावून पाहावे. एका सिलिंडरचे २७२.४ घन सेंटीमीटर, चारांचे १०८९. गाडीच्या कागदपत्रांवर हाच आकडा असतो.

आता गंमत पाहा. १९५३ साली फियाटने हेच इंजिन दोन रूपांत विकायला काढले. साध्या गाडीत ते मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर ३६ अश्वशक्ती देई. 'टीव्ही' नावाच्या वेगवान गाडीत ५४०० फेऱ्यांवर सुमारे ५०. (टीव्ही म्हणजे तुरिझ्मो वेलोचे, दूरचित्रवाणीशी संबंध नाही.) व्यास तोच, प्रवास तोच, सिलिंडर तेवढेच. मग वरच्या १४ अश्वशक्ती आल्या कुठून?

गॅरेजमधले बहुतेक लोक उत्तर देतात : कॉम्प्रेशन वाढवले. ते अर्धेच खरे आहे. दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये जितकी जागा असते, ती दट्ट्या माथ्यावर आल्यावर किती पटीने कमी होते, ते संपीडन गुणोत्तर. साध्या इंजिनात ते ६.७ होते, टीव्हीमध्ये ७.६. आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता या गुणोत्तरावरून काढता येते. ६.७ ला ती ५३.३ टक्के येते, ७.६ ला ५५.६. खऱ्या इंजिनाची कार्यक्षमता याहून पुष्कळ कमी असते, पण दोहोंमधले प्रमाण साधारण हेच राहते. म्हणजे लाभ झाला चार टक्क्यांचा; ३६ चे साडेसदतीस झाले. फेऱ्या ४४०० वरून ५४०० झाल्या, त्याने शक्ती १.२३ पट झाली. आलो ४६ वर. उरलेल्या चार अश्वशक्ती श्वासाच्या. दुहेरी नळीचा कार्ब्युरेटर बसवला की प्रत्येक फेरीत हवा-पेट्रोलचे मिश्रण जास्त भरते. आणि जास्त फेऱ्यांवर इंजिन मुळात फिरू शकते तेही त्या श्वासाच्या बळावरच. तेव्हा मोठा वाटा कॉम्प्रेशनचा नसून श्वासाचा आणि फेऱ्यांचा आहे. हे गणित आम्ही त्या वेळी केले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

झाले असे की हेड गॅसकेट जळाले म्हणून पद्मिनीचे हेड उतरवले होते. हेड लेथवर घासून सपाट करून घ्यावेच लागते. तेव्हा आम्हीच म्हटले, आणखी थोडे घासा, कॉम्प्रेशन वाढेल. मिस्त्री नको म्हणत होते. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. आम्ही ऐकले नाही. गुणोत्तर ७.६ असेल तर माथ्यावरच्या पोकळीचे आकारमान ४१.३ घन सेंटीमीटर येते. पोकळीचे तोंड ३० चौरस सेंटीमीटरचे धरले, तर एक मिलिमीटर घासल्यावर ३ घन सेंटीमीटर जातात आणि गुणोत्तर ८.१ होते, दोन मिलिमीटर घासले तर ८.७. आम्ही दोनच्या जवळ गेलो होतो.

गाडी थंडीत छान धावली. मे महिन्यात, आर्वीकडच्या एका चढावर, चार माणसे बसलेली असताना, इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावे तसा आवाज येऊ लागला. यालाच नॉकिंग म्हणतात. आम्ही तसेच रेटत राहिलो. तिसऱ्या सिलिंडरच्या दट्ट्याच्या माथ्याला भोक पडले.

नॉकिंगचे कारण सायकलच्या पंपाने दाखवता येते. पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा दांडा मारा, नळी हाताला गरम लागते. इंजिनातही दाबलेले मिश्रण तापते. ठिणगी पडली की ज्योत एका कडेने पसरत जाते आणि तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते. ते इतके तापले की ज्योतीची वाट न पाहता आपोआप एकदम पेटते. जळणे सावकाश व्हायला हवे तिथे स्फोट होतो, आणि त्याचे तडाखे दट्ट्यावर बसतात. त्यात आपला उन्हाळा. १५ अंशांची हवा ७.६ पट दाबली तर आदर्श हिशेबाने ३७५ अंशांवर जाते. वर्ध्याची ४५ अंशांची हवा ४४२ वर. आत शिरताना ३० अंशांचा फरक होता, तो दाबल्यावर ६७ अंशांचा झाला! शिवाय तापलेली हवा विरळ. १५ अंशांच्या मानाने दर फेरीत नऊ-दहा टक्के कमीच भरते. आपल्या मे महिन्यात शक्ती कमी आणि नॉकिंग जास्त, असा दुहेरी तोटा.

नॉकिंगचा हा अडसर इंजिनाच्या इतिहासात फार मोठा ठरला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर चालू असतानाच संपीडन बदलता येईल असे प्रायोगिक इंजिन बांधले आणि कोणते इंधन किती दाब सोसते हे मोजून दाखवले. अल्कोहोल पुष्कळ सोसते, हे तेव्हाच माहीत झाले होते. पण बाजारात गेले दुसरेच काही. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग चिमूटभर घातले की नॉकिंग थांबते. ज्वलनापूर्वी सुरू होणाऱ्या साखळी अभिक्रिया शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तोडतात. उपाय स्वस्त होता, आणि त्याचे पेटंट घेता येत होते. अल्कोहोल तर कोणीही शेतमालापासून गाळू शकतो! फेब्रुवारी १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली.

शिसे विष आहे हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. मिजली यांना स्वतःला शिशाची बाधा झाली होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. व्यावसायिक रोगांच्या तज्ज्ञ डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९२५ मध्ये उघड इशारा दिला. तरीही पुढची पन्नास वर्षे जवळपास सगळ्या जगाने हे पेट्रोल जाळले. वाढीव संपीडनाच्या इंजिनांची आणि शर्यतीच्या गाड्यांची जी कौतुके होतात, त्यांतली कितीतरी या शिशाच्या आधाराने उभी होती. धुराड्यातून बाहेर पडलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत आणि मुलांच्या रक्तात गेले. मुलांच्या बुद्धीची वाढ त्याने खुंटते, आणि निर्धोक म्हणावे असे त्याचे प्रमाणच नाही. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये मोटारींसाठी त्याची विक्री थांबवली, तो शेवटचा देश. आमच्यापैकी ज्यांची शाळा हमरस्त्याला लागून होती, त्यांचे पहिले विद्यार्थी तोच धूर घेत शिकले. आम्ही त्यांना मूलद्रव्यांच्या तक्त्यातले शिसे शिकवले. दाराबाहेरच्या शिशाबद्दल बोललो नाही.

श्वासाच्या मार्गाने गेलेल्या कारागिरांची कथा अधिक आनंदाची आहे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अॅलेक इसिगोनिस यांची 'मिनी' आली : ८४८ घन सेंटीमीटर, ३४ अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या आग्रहाने १९६१ मध्ये तिला ९९७ घन सेंटीमीटरचे, दोन कार्ब्युरेटरांचे, ५५ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. घन सेंटीमीटर १८ टक्क्यांनी वाढले, शक्ती ६२ टक्क्यांनी. पुढे हिच्या थोरल्या बहिणीने माँटे कार्लोची रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. यामागची कामे चिकाटीची : झडपा रुंद करणे, हेडमधल्या वाटा हाताने घासून गुळगुळीत करणे, कॅमशाफ्टचे उंचवटे असे बदलणे की झडप लवकर उघडेल आणि उशिरा मिटेल. अशी झडप जास्त फेऱ्यांवर इंजिनाला भरपूर हवा देते, पण कमी फेऱ्यांवर ते अडखळते. शर्यतीचे इंजिन गावच्या बाजारात चालवायला म्हणूनच नकोसे होते.

फेऱ्यांचीही किंमत मोजावी लागते. दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४४०० चे ५४०० केले की वेग १.२३ पट, पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण दीडपट. म्हणून शर्यतवाले चारही दट्टे आणि रॉड काट्यावर तोलून, सारख्या वजनाचे करून बसवतात.

आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटच्या गाड्या अशाच घासूनपुसून पळवल्या जात. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर १९७० च्या दशकापर्यंत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बांधले; तिचा कारखाना मात्र उभा राहिला नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबायचे त्या काळात इंजिन सुधारण्याची निकड कारखानदाराला नव्हती, असे आमचे मत आहे. जमनालालजींचे दत्तक आजोबा बच्छराज यांच्या नावाने १९४५ मध्ये निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली. तिने २००३ मध्ये मोटारसायकलच्या एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. ज्योत दोन बाजूंनी निघते, तिला निम्मेच अंतर तोडावे लागते, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला सवड उरत नाही. बैल जुंपलेल्या फोर्डच्या घराण्यातून नॉकिंगवरचा हा तोडगा यावा, याचे आम्हाला मोठे नवल वाटते.

आमच्या पद्मिनीला नवा दट्ट्या आणि जाड गॅसकेट बसले, आणि ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली. मिस्त्रींनी एक्झॉस्ट झडपांच्या बैठकाही कठीण पोलादाच्या घातल्या. शिशाचा थर जुन्या मऊ बैठकांचे रक्षण करी, तो आता नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. ते नॉकिंगला चांगले, म्हणजे रिकार्डोंचे जुने अल्कोहोल शंभर वर्षांनी घरी आले. पण लिटरमागे उष्णता कमी देते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते, म्हणून नळ्याही बदलल्या. भोक पडलेला दट्ट्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. नववीची मुले व्हर्नियरने त्याचा व्यास मोजतात. तो ६८ मिलिमीटर भरत नाही, किंचित कमी भरतो. आणि वरच्या बाजूला खालच्यापेक्षाही कमी. असे का, हे त्यांनाच शोधायला ठेवले आहे.