तार्तूचा तह (१९२०)

तार्तूचा तह हा एस्टोनिया व सोव्हिएत रशिया यांच्यात २ फेब्रुवारी १९२० रोजी तार्तू या शहरात झालेला शांतता करार होय. या तहाने एस्टोनियाचे स्वातंत्र्ययुद्ध संपले व नव्या प्रजासत्ताकाची पूर्व सीमा निश्चित झाली. एस्टोनियातर्फे यान पोस्का यांनी, तर रशियातर्फे अडोल्फ योफे यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

पार्श्वभूमी

रशियन साम्राज्य कोसळल्यावर एस्टोनियाने २४ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. लगेचच जर्मन फौजांनी देश व्यापला. त्या परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये लाल सेनेने नार्वा येथे आक्रमण केले व युद्धाला तोंड फुटले. ३१ डिसेंबर १९१९ रोजी युद्धविरामाचा करार झाला.

तरतुदी

रशियाने एस्टोनियाचे स्वातंत्र्य मान्य केले आणि या भूमीवरील आपले सर्व हक्क कायमचे सोडले. साम्राज्याच्या सुवर्णसाठ्यातून एस्टोनियाला १.५ कोटी सुवर्ण रूबल देण्याचेही ठरले.

सीमारेषा आखताना जुन्या प्रांतांच्या हद्दींपेक्षा युद्धविरामाच्या वेळची आघाडी निर्णायक ठरली. त्यामुळे नार्वा नदीच्या पूर्वेकडील पट्टा व आग्नेयेकडील पेत्सेरी परिसर एस्टोनियाकडे आले. पूर्वी हे भाग अनुक्रमे पेट्रोग्राड व प्स्कोव्ह प्रांतांत मोडत असत. पेत्सेरी परिसरात रशियन लोकांसोबत सेतो हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजही राहतो. त्याची बोली दक्षिण एस्टोनियन भाषेला जवळची आहे.

परिणाम

याच वर्षी लिथुएनिया, लात्व्हिया व फिनलंड यांनीही रशियाशी स्वतंत्र तह केले. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया बळकावला. १९४४-४५ मध्ये नार्वापलीकडचा पट्टा व पेत्सेरीचा बहुतांश भाग रशियन सोव्हिएत प्रजासत्ताकाला जोडण्यात आला. नव्या रेषेने सेतो समाजाची भूमी दुभंगली. तिचा परिणाम १९९१ नंतर, ती आंतरराष्ट्रीय सीमा झाल्यावर, अधिक तीव्रतेने जाणवू लागला.

पुनःस्वातंत्र्यानंतर एस्टोनियाने हा तह आपल्या राज्याच्या सातत्याचा कायदेशीर पाया मानला. २००५ मध्ये दोन्ही देशांनी विद्यमान रेषेवर आधारित सीमाकरार केला. मात्र एस्टोनियाच्या संसदेने अनुमोदनाच्या कायद्यात तार्तूच्या तहाचा अप्रत्यक्ष संदर्भ घातल्याने रशियाने आपली स्वाक्षरी मागे घेतली. २०१४ मध्ये नवा करार झाला; त्यालाही दोन्ही संसदांचे अनुमोदन मिळाले नाही. एस्टोनियात २ फेब्रुवारी हा दिवस तहाचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.