टे नदीवरचा सॅमन : धरायचा आणि सोडायचा

स्कॉटलंडमधील टे ही सुमारे १९० किलोमीटर लांबीची नदी सॅमनच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. येथील हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर असा असतो. ऐन थंडीत बॅगपाइपच्या सुरांत, होडीवर व्हिस्की शिंपडून त्याचा प्रारंभ करण्याची प्रथा आहे. रविवारी मात्र सॅमन पकडण्यास कायद्याने मनाई आहे. मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हटले जाते. परंतु रावस आणि सॅमन यांची कुळे पूर्णतः भिन्न आहेत.

नदीतील सॅमन पकडण्याचा हक्क येथे खासगी मालकीचा असतो. नदीचे ‘बीट’ नावाचे पट्टे केलेले असून हौशी मंडळी एका दिवसाचे शुल्क भरून तेथे गळ टाकतात. सोबतीला ‘गिली’ हा वाटाड्या असतो. पाण्याची पातळी व तापमान पाहून कोणता गळ लावावा, हे तो सांगतो. पाणी थंड असेल तर मोठा, खोल जाणारा गळ; उबदार असेल तर पृष्ठभागालगत तरंगणारा लहान गळ. दोन्ही हातांनी पेलायच्या चार-साडेचार मीटर लांब काठीने प्रवाहात तिरपी फेक करायची, गळ वाहत काठाकडे येऊ द्यायचा, एक-दोन पावले खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे, असा हा क्रम दिवसभर चालतो.

विशेष म्हणजे, समुद्रातून नदीत परतलेला सॅमन जवळजवळ काहीच खात नाही. अंगातील चरबीच्या बळावर तो प्रवास आणि प्रजनन पार पाडतो. मग तो गळाला का लागतो? चीड, कुतूहल की जुनी सवय, याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे रिकाम्या हाताने परतणे येथे नित्याचेच.

७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने याच नदीत ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोचा सॅमन पकडला. दोन तासांहून अधिक काळ ही झुंज चालली होती. गळाने पकडलेल्या सॅमनचा हा ब्रिटिश विक्रम आजही अबाधित आहे. तो मासा पर्थच्या रुग्णालयाला भेट देण्यात आला.

आज असा मासा बहुधा नदीतच परत सोडला जाईल. गळाने पकडलेल्या सॅमनच्या विक्रीवर स्कॉटलंडमध्ये २००२ पासून बंदी आहे आणि १ एप्रिलपूर्वी पकडलेला मासा सोडून देणे बंधनकारक आहे. त्यानंतरही बहुतेक जण स्वेच्छेने तो सोडतात. कारण स्पष्ट आहे. १९५२ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींत स्कॉटलंडमधील सर्वांत कमी सॅमन २०२३ साली गळाला लागले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनला ‘संकटग्रस्त’ ठरविले. तापणारे समुद्र व नद्या, वाटेतील बंधारे आणि किनाऱ्यालगतच्या मत्स्यशेतीतून पसरणाऱ्या परजीवी उवा ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

मासा सोडण्याचीही एक रीत आहे. उलटा काटा नसलेला गळ वापरावा, मासा पाण्याबाहेर काढू नये, त्याचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने धरावे आणि ताकद येऊन तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यावा. एक मादी हजारो अंडी घालते. त्यामुळे सोडलेल्या प्रत्येक मादीमागे नदीची पुढची पिढी उभी असते.